तेवढा दिवा वाढव

सुरुवातीला खटकलं ते इतकंच, की मला फक्त टाळूला ताप आला होता.

कपाळ गार, हात गार, पाय तर बाराही महिने गार. पण टाळू मात्र नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी. माझ्या जागी दुसरी कुणी असती तर तिनं चहाचा कप उचलून जागा बदलली असती. मी पर्समधून थर्मामीटर काढला. (हो, पर्समध्येच असतो. कंगवा कधीकधी नसतो.) काखेत ताप नव्हता. मग तो केसांत खोचून टाळूवर धरला, तर त्यावर आकडाच येईना, नुसती एक आडवी रेघ आली. पदवीला माझा विषय संख्याशास्त्र होता. आकडे संपले की माणूसही संपत आलेला असतो, एवढं मला कळतं.

"बाबा," मी जमेल तितक्या शांतपणे म्हटलं, "मला बहुतेक मेंदूचं काहीतरी झालंय."

टेबलापलीकडे सासरे नकाशाची घडी घालत होते. त्यांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याच्या वर पाहिलं.

"दिवा आहे गं तो. इकडे सरक."

मी वर पाहिलं. छतात वाटीएवढा खळगा, खळग्याला काच, काचेमागे शेंगदाण्याएवढा बल्ब, आणि त्या शेंगदाण्यात अख्ख्या इस्त्रीची धग. भोवतीचं छत करपून तपकिरी झालेलं. मेंदू शाबूत होता. पण एकदा घाबरायची तयारी झाली की ती वाया घालवणं माझ्या जिवावर येतं, म्हणून मी त्या दिव्यालाच घाबरायचं ठरवलं.

हे सगळं गाडीत चाललं होतं. आमच्याकडे 'गाडी' म्हणजे सासऱ्यांचं चाकांवरचं घर. पुढे ड्रायव्हरची सीट, मागे टेबल आणि दोन बाकं, मग दोन शेगड्यांचा ओटा, ओट्यासमोर कपाटाएवढी बाथरूम आणि शेवटी पलंग. बाबा जन्मभर लोकांच्या जमिनी मोजत फिरले. निवृत्त झाल्यावर, ज्या मोजायच्या नाहीत अशा जमिनी नुसत्या बघायला म्हणून ही गाडी त्यांनी जुनी घेतली. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती उभी असते. दोन्ही अंगांना भिंती, त्यामुळे खिडकीतून दिसतात त्या विटा, आणि आत भर दुपारी तिन्हीसांजा. छतात असे बारा दिवे आहेत. पण बाराही लावले तर बॅटरी तासाभरात मान टाकते. म्हणून बाबा एकच लावतात.

सासूबाई निवृत्त मेट्रन. गाडीला त्या 'डबा' म्हणतात.

"पस्तीस वर्षं वॉर्डात काढली मी," त्या म्हणायच्या. "पेशंट अंधारात ठेवत नाहीत. आणि मी काय म्हणून अंधारात बसू? विणकामातला टाका दिसत नाही, पुस्तकातली ओळ दिसत नाही, समोर बसलेला नवरा दिसत नाही."

"दिसत नाही ते बरंच," बाबा म्हणायचे.

"विका तो डबा."

हे इतक्या वेळा झालं की एक दिवस गिऱ्हाईकच सापडलं. आईंच्या ओळखीतले एक दंतवैद्य. ते आज पाच वाजता गाडी बघायला येणार होते, आणि म्हणून बाबा नकाशांच्या घड्या घालत होते. खुंटीवरची टोपी काढून झाली होती. टवका उडालेला कप रुमालात गुंडाळून झाला होता. तक्रार मात्र एका अक्षराची नाही. भाजीत मीठ नसलं तर 'आज भाजीची मूळ चव कळली' म्हणणारा हा माणूस. मी दचकले की घरातले सगळे हसतात. बाबा तेवढे स्वतःही थोडे दचकतात, मला एकटं वाटू नये म्हणून. ती गुंडाळी पाहून मी चहा तसाच खाली ठेवला.

(आईबाबा वर्षातले तीन महिने फिरायला गेले तर घर आम्हा दोघांचंच, हाही एक विचार त्यात होता. पण तो नंतरचा. निदान दुसरा तरी.)

"मी निघतो," बाबा उठले. "ती तिच्या बहिणीकडे आहे. तिला घेतो, आणि येताना डॉक्टरांना घेऊन येतो. तू सावकाश चहा संपव. आणि जाताना तेवढा दिवा वाढव."

पायरी उतरताना त्यांनी दाराच्या कडेवरून एकदा हात फिरवला. मी तिथेच बसून राहिले. बाबांनी चार वर्षांत माझ्याकडे पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. तेही कसं? 'गाडी वाचव' नाही, 'तिला समजाव' नाही. दिवा वाढव! केवढं सूचक, केवढं संयमी! आईंची एकच तक्रार: उजेड नाही. आणि बाबांचं एकच मागणं: उजेड वाढव. माझे डोळे भरून आले. (सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, तेही असेल.) मी टेबलावर हात ठेवून म्हटलं, वाढवते, बाबा. बाराच्या बारा वाढवते.

विजेच्या सामानाच्या दुकानात पोहोचले तेव्हा एकला पाच मिनिटं कमी होती. दुकानदार बाहेर मांडलेले पंखे आत नेत होता.

"ताई, लवकर बोला. दुकान वाढवायचंय."

"अरे वा, अभिनंदन!" मी म्हटलं. "शेजारचा गाळा मिळाला का?"

त्यानं शेजारी पाहिलं. "तिथं चपलांचं दुकान आहे."

"मग ते कुठे जाणार?"

"कशाला जातील?"

"नाही, तुम्ही वाढवणार म्हणून—"

"मी तर रोज एकला वाढवतो," तो म्हणाला. "संध्याकाळी परत आठला."

दिवसातून दोनदा! धंदा असावा तर असा, असं मनात म्हणत मी पिशवीतला जुना बल्ब त्याच्यासमोर ठेवला. तो मी चिमट्यानं, दोन रुमालांतून, श्वास रोखून काढला होता. दुकानदारानं तो उघड्या हातात घेऊन खिडकीकडे धरला. "दोन पिनांचा आहे. याच्या जागी एलईडी बसेल. बॅटरी दहावा हिस्साही खाणार नाही, आणि गरम तर होतच नाही. पिवळा देऊ की पांढरा?"

"पिवळा. मऊ, घरगुती."

"पिवळे सहाच आहेत. सहा पांढरे देतो."

एरवी मी दुसरं दुकान शोधलं असतं, पण घड्याळ एक वाजवत होतं आणि हा माणूस हातात कुलूप घेऊन स्वतःचं दुकान वाढवायच्या खोळंब्यात उभा होता.

"शॉक लागेल का?"

"बारा व्होल्टचं काम आहे, ताई. माशीसुद्धा मरत नाही."

"साधारण केवढी माशी?"

त्यानं शटर अर्ध्यावर ओढलं आणि खालून वाकून सांगितलं, "आणि बल्ब लागला नाही तर घाबरू नका. या एलईडीला सुलटं-उलटं असतं. काढायचा, अर्धा फिरवायचा, परत लावायचा."

'घाबरू नका' हे वाक्य ऐकलं की मी आधी घाबरते, मग का ते विचारते. पण तोपर्यंत शटर खाली आलं होतं.

दुपारी दोनला मी कामाला लागले. रबरी चपला, रबरी हातमोजे, पायाखाली भाजी चिरायचा लाकडी पाट, आणि मुख्य बटण बंद आहे ना हे बघायला दर दोन मिनिटांनी पुढच्या सीटपाशी एक फेरी. काम तसं सोपं होतं. खळग्याची काच धरणारी कडी बोटांनी फिरवायची, काच काढायची, जुना शेंगदाणा उपटायचा, नवा खोचायचा, कडी परत. शेवटच्या काचेतून मेलेला किडा माझ्या नाकावर पडला. मी किंचाळले आणि जुन्या बल्बांचा डबा लाथेनं उडवला. डब्यातले बल्ब चुरचुर करत फुटले. ते तसेही फेकायचेच होते, असं मी स्वतःला समजावलं. आधीच्या प्रत्येक काचेला मी डोळे मिटून तोंड घट्ट बंद ठेवलं होतं; किडे त्यांतही होते.

अकरा बल्ब लावून बटण दाबलं. अंधार.

पुढे जाऊन पाहिलं, मागे येऊन पाहिलं. एकसुद्धा नाही. सुलटं-उलटं म्हणजे प्रत्येकाला निम्मी संधी. माझ्यासारख्या बाईच्या हातूनसुद्धा पाच-सहा आपोआप सुलटे लागायला हवेत. अकराच्या अकरा उलटे लागण्याची शक्यता दोन हजार अठ्ठेचाळीसांत एक. मी ते पाटावर बसून दोनदा मांडून पाहिलं. गणित बरोबर होतं, म्हणजे चुकत होते ती मीच. पुन्हा अकरा कड्या, अकरा काचा, अकरा अर्धे फेरे. मान मागे टाकून टाकून ती तशीच राहायला लागली होती. ओट्यावरचा पाण्याचा ग्लास शोधतानाही मी छताकडेच बघत होते.

पावणेचारला बटण दाबलं, आणि गाडी उजळली.

उजळली म्हणजे किती? बाकांच्या शिवणीत अडकलेले टोस्टाचे कण मोजता आले असते. पुढचा भाग पिवळा पडला होता, मागचा पांढरा, आणि सीमारेषा बरोबर टेबलाच्या मधोमध. टेबलाशी बसलं की एक गाल दिवाणखान्यात आणि दुसरा ऑपरेशन थिएटरात. पण उजेड होता! आईंना टाका दिसेल, ओळ दिसेल, नवराही दिसेल. (तिथे थोडा धोका होता.) मी हातमोजे काढले, आणि तेवढ्यात फोन वाजला. मी दचकून पाटावरून उतरले. म्हणजे पडले, पण पायांवर.

नवरा होता. तो पोहायला शिकवतो. दिवसातला बराचसा वेळ त्याला फोन लागत नाही, कारण तो ओला असतो.

"बोल पटकन. पाच मिनिटांचा ब्रेक आहे. तीन मिस्ड कॉल कशाला दिलेस?"

"ते मघाशी अंधार होता तेव्हाचे. आता सगळं छान आहे. ऐक, मी गाडीतले दिवे वाढवले!"

"बरं. मग?"

"मग काय? कौतुक कर की!"

"दिवे वाढवल्याबद्दल?" तो म्हणाला. "बरं, छान केलंस. कुलूपही लावलंस का?"

"कुलूप कशाला? अरे, अकरा दिवे आहेत, एकेक काढून—"

"एकेक कशाला काढलेस? बटण नाही का?"

 मागे कुणीतरी पाण्यात उडी मारल्याचा आवाज आला. मी पुन्हा दचकले.

"मी नवे बल्ब बसवले," मी सावकाश म्हटलं. "बाबांनीच सांगितलं होतं. जाताना दिवा वाढव म्हणाले."

पलीकडून पाण्याखालून बुडबुडे यावेत तसा आवाज यायला लागला. तो हसत होता.

"अगं वेडाबाई! वाढव म्हणजे बंद कर! जुनी माणसं दिवा 'विझव' म्हणत नाहीत, वाईट दिसतं. बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढवली म्हणतात. दुकान बंद केलं म्हणत नाहीत—"

"वाढवलं म्हणतात," मी म्हटलं. माझ्या डोळ्यांसमोर तो दुकानदार, तो चपलांचा गाळा आणि माझं अभिनंदन, अशी सगळी मिरवणूक एकदमच निघाली.

"तुला माहीत आहे की!"

"आत्ता कळलं. म्हणजे बाबांनी काही मागितलंच नव्हतं?"

"बाबांनी तुला एक बटण दाबायला सांगितलं होतं," तो म्हणाला. मग त्याला माझ्या आवाजावरून कळलं असावं, कारण त्याचं हसू थांबलं. "ए, जाऊ दे गं. चांगलंच केलंस. आईला उजेड आवडला तर आवडला. नाहीतर गाडी जाणारच होती. चल, शिट्टी झाली. सहापर्यंत पाण्यात आहे."

फोन ठेवून मी बाकावर बसले, अर्धी पिवळी, अर्धी पांढरी. दमणूक अशी, की रडायलाही उठून पाणी प्यावं लागलं असतं. बाबांनी मागितलंच नव्हतं. त्यांनी नकाशांच्या घड्या घातल्या, दाराच्या कडेवरून हात फिरवला, आणि एखादा माणूस घर सोडताना सांगतो तसं शेवटचा दिवा बंद करायला सांगितलं. मी मात्र त्या अख्ख्या दुःखाला एलईडी बसवले. आणि आता परत फिरायचीही सोय नव्हती. जुने बल्ब डब्यात चुरा होऊन पडले होते.

तेव्हा जे झालं ते पुरं तरी करावं. एकच दिवा उरला होता, बाथरूममधला. आई मेट्रन आहेत. त्या कुठल्याही जागी गेल्या तरी पहिल्यांदा बाथरूमचं दार उघडतात. तिथेच अंधार दिसला असता तर बाहेरचे अकरा दिवे वाया.

त्या बाथरूममध्ये कमोड, बेसिन आणि नळ हे सगळे एकमेकांच्या मांडीवर बसलेले आहेत. दार आत उघडतं आणि कमोडच्या झाकणावर येतं. म्हणजे झाकणावर उभं राहायचं तर दार लावावं लागतं, आणि ते कडी घातल्याशिवाय लागलेलं राहत नाही. मी कडी घातली, झाकणावर चढले. या दिव्याची कडी फिरेना. वाफेनं गंजून बसली होती. ओढल्यावर अख्खा दिवाच वायरीसकट हातात आला. त्याला वरच्या बाजूला दोन स्प्रिंगा होत्या, उंदराच्या सापळ्याला असतात तशा. आत काय आहे ते नीट बघून मी नवा बल्ब खोचला आणि खाली उतरून बटण दाबलं. दिवा लागला. पहिल्याच झटक्यात सुलटा! दिव्याबरोबर छतातला पंखाही सुरू झाला, कारण तिथे दोघांचं बटण एकच. त्या पंख्याचा आवाज चक्की चालल्यासारखा. पण मी आता आनंदात होते. पुन्हा वर चढले. दोन्ही स्प्रिंगा दाबून धरल्या, दिवा भोकात सरकवला आणि सोडला.

दिवा आत गेला, आणि माझी दोन बोटंही.

खट्! छत आणि स्प्रिंग यांच्यामध्ये उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट. कळ मस्तकात गेली. ओढलं तर स्प्रिंग आणखी रुतायची. दोन्ही स्प्रिंगा एकदम दाबल्या तर दिवा खाली येतो, हे मला माहीत होतं. पण त्याला दोन हात लागतात, आणि माझा एक हात त्या प्रश्नातच गुंतलेला होता. मी कमोडवर उभी, उजवा हात वर, चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर शुभ्र एलईडी. (शाळा-कॉलेजच्या पंधरा वर्षांत मी वर्गात एकदाही हात वर केला नाही. ती सगळी थकबाकी त्या दुपारी फिटली.)

डाव्या हातानं खिशातला फोन काढला. चार वाजून दहा.

नवऱ्याला लावला. वाजला, वाजला, थांबला. तो ओला होता. बाबांना लावला, बंद. बाबा कार चालवताना फोन बंद करतात, आणि सायकलींना वाट देत देत चालवतात. आईंना लावला. आईंचा फोन पर्सच्या तळाशी, पाकीट, चष्मा, लोकर आणि सुया यांच्याखाली असतो. तो वाजतो हे आजवर फक्त आजूबाजूच्या लोकांना कळलंय. बिलावरच्या नंबरावर दुकानदाराला लावला. त्यानं दुपारचं वाढवलेलं दुकान अजून कमी केलं नसावं. अग्निशमन दलाचा विचार आला. पण ते शिडी आणतील, घंटा वाजवतील, आणि दंतवैद्य येतील तेव्हा गाडीशेजारी लाल बंब उभा असेल. असल्या वस्तूला गिऱ्हाईक मिळत नाही हे खरं, पण आईंना गाडी आवडायची तर तेही उपयोगाचं नाही.

साडेचार. पुन्हा सगळ्यांना एकेकदा. पंखा डोक्यात गरगरत होता. बाहेर जग बुडालं असतं तरी ऐकू आलं नसतं. मी बोटांना बेसिनवरचा साबण लावला. साबण कोपरापर्यंत आला, बोटं तिथेच. मग नुसता जोर लावला. एरवी मी मोठ्यानं बोलणारी नाही, पण पंख्याच्या आवाजात आपलं आपल्याला तरी ऐकू यावं म्हणून ओरडतच होते.

"निघ! निघ ना एकदाचं! आलं... थोडं आलं... आई गं! परत आत गेलं!"

पाच वाजले. मी बोटांशी गोड बोलून पाहिलं, मग शिव्या देऊन पाहिल्या. (मला दोनच येतात. त्या आळीपाळीनं दिल्या.) घाम, साबण आणि डोळ्यांतलं पाणी सगळं एकत्र वाहत होतं. सव्वापाचला मनात आलं की आता ते येतील. आई दार उघडायला जातील, आतून कडी. दंतवैद्य म्हणतील, बाथरूम दाखवा, आणि बाथरूममध्ये मी, हात वर. बाबांचं तोंड डोळ्यांसमोर आलं. तो माणूस रागावणार नाही. 'निदान दिव्याची मूळ जागा कळली' म्हणेल आणि कपाची गुंडाळी उचलून घरात जाईल. त्या विचारानं मी असा काही हिसका दिला, की किंकाळी फुटली आणि एक बोट सालटासकट बाहेर आलं. मधलं मात्र तिथेच राहिलं.

साडेपाचला, थकलेल्या डाव्या हाताचा अंगठा तेवढा हलत होता म्हणून, मी आईंना अकरावा फोन लावला. वाजला. वाजत राहिला. मी डोळे मिटून घेतले. आणि मग पलीकडे सुयांचा खडखड आवाज झाला आणि कुणीतरी फोन उचलला.

"हॅलो? कोण बोलतंय?"

"आई!" मी हुंदका दिला. "आई, मी बोलतेय. आई, मी अडकलेय हो!"

"ते ऐकतोच आहोत आम्ही अर्धा तास," आई म्हणाल्या. त्यांचा वॉर्डातला चढा आवाज फोनमधून आला आणि पंख्यावर मात करून दाराच्या फटीतूनही आला. "इथेच बसलोय, टेबलाशी. मी दार वाजवणार होते, पण हे म्हणाले, नको, बिचारी दचकते, मग आणखीच अडेल. म्हणून हाक मारली नाही. डॉक्टर येऊन गेले गं. दहा मिनिटं बसले, सगळं ऐकलं, आणि म्हणाले, 'मी रोज लोकांचे दात उपटतो, पण माणसाचे इतके हाल पाहिले नाहीत. ज्या गाडीच्या बाथरूममध्ये ही पाळी येते ती गाडी नको.' गेले. हे तर काय, परत नकाशे उलगडून बसलेत. आणि खरं सांगू? राहू दे गाडी. उजेड झकास झालाय हो, इथे बसल्या बसल्या माझी अर्धी बाही विणून झाली. तू घाई करू नकोस, अजिबात जोर लावू नकोस, लांब श्वास घे. मी कोमट पाणी ठेवलंय. आणि लाजायचं काय त्यात? पस्तीस वर्षं हेच पाहिलंय मी. फक्त उद्यापासून जरा पालेभाजी खात जा."